वरच्या चार ओळी

खीर चुलीवरून उतरवली तेव्हा विहारातला वाचनाचा आवाज थांबला होता. आषाढापासून तीन महिने रोज संध्याकाळी चाललेला वर्षावासाचा ग्रंथ आज, आश्विन पौर्णिमेच्या सकाळी, पूर्ण झाला. आता दुपारी साऱ्या चिचहेटीला भोजनदान. खीर दरवर्षी रुखमाबाईच्याच अंगणात शिजायची, आणि इतक्या वर्षांत तिने ती एकदाही लागू दिली नव्हती. यंदा लागली. वरून पाहून कळत नव्हतं, पण पळी तळाला टेकली की हाताला खरखर जाणवत होती.

तिचं सारं लक्ष मिठाच्या बरणीकडे होतं. बरणीखाली घडी घातलेला कागद होता. काल तिच्या लेकीने, उर्वशीने, ग्रामपंचायतीतून ही झेरॉक्स आणली, तेव्हापासून तो तिथेच होता. त्या कागदावरचा एकच शब्द रुखमाबाईला वाचता येत होता, आणि तो तिचं स्वतःचं नाव होतं.

कागद ग्रामसभेच्या ठरावाचा होता. गुरं जमवायचा आखर, त्याच्यामागचं मोहाचं रान आणि नाल्यापर्यंतची जमीन नव्या कोळसा खाणीला द्यायला गावाची हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुरुषांच्या सह्या कंपनीच्या माणसाने दारोदार फिरून मिळवल्या होत्या. पण बायकांच्या हजेरीशिवाय ठराव उभा राहत नव्हता. म्हणून मागे दोन पानं जोडली होती, एक्केचाळीस बायकांच्या सह्यांची. सह्या खऱ्या होत्या. सभा मात्र झालीच नव्हती.

ती पानं उर्वशीच्या वहीतली होती. कोणी नेली, हे उर्वशीला अजून ठाऊक नव्हतं. रुखमाबाईला होतं. नेणाऱ्याच्या हातात वही तिनेच दिली होती.

उर्वशीने हे सगळं सुरू केलं ते पाच मिनिटांपासून. चंद्रपूरची शिकवणीची नोकरी सुटून ती गावी परतली, तेव्हा दरवर्षी ग्रंथ वाचणाऱ्या तिच्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे थोरल्या काकाच्या, लटारूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ग्रंथ कोण वाचणार? उर्वशी वाचायला लागली. वाचन संपून बायका चपला शोधायला लागल्या की ती म्हणायची, "पाच मिनिटं थांबा वो." पहिल्या दिवशी तिने रेशन दुकानावरची सूचना वाचली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला फॉर्म. भाषण तिने कधी केलं नाही. एक ओळ वाचायची, कागद मिटायचा आणि एकेकीला विचारायचं, "सोमारीबाई, काय वाचलं मी?" सोमारीला सांगता आलं नाही तर हसायचं नाही, पुन्हा वाचायचं. शेजारणीने ऐकलं म्हणजे आपण ऐकलं, असं तिच्याकडे चालत नव्हतं. पाच मिनिटांचा अर्धा तास व्हायला लागला. टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या पाड्यावरच्या, गोंड बायका येऊन ओट्यावर बसू लागल्या. कधी विहाराची पायरी न चढलेल्या कुणब्यांच्या बायकाही आल्या. गावात कोण काय ठरवतं, कोणाला विचारून ठरवतं, न विचारता ठरवलं तर काय करायचं, असं एकेक त्या अर्ध्या तासात निघायला लागलं.

मग सह्या. अंगठा देणाऱ्या बायांना तिने एकेक अक्षर गिरवायला लावलं, आणि एक नियम केला. वर काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय, नाहीतर वाचून घेतल्याशिवाय, खाली सही करायची नाही. रोज वाचन झालं की वहीत सही. रुखमाबाईने त्रेसष्टाव्या वर्षी आपलं नाव लिहिलं, त्या संध्याकाळी ती घरी येऊन चुलीच्या राखेत पुन्हा एकदा लिहून पाहत होती.

पण उर्वशीचं अक्षर सुंदर, आणि तिला त्याचा लोभ. वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या चार ओळी ती कोऱ्या ठेवायची. तारीख आणि त्या दिवशी काय वाचलं ते रविवारी निवांत बसून, हिरव्या शाईने, वळणदार लिहायचं म्हणून; पण तो रविवार बहुतेक वेळा राहूनच जायचा. बायका कोऱ्या जागेखाली सह्या करत होत्या आणि वर काय आहे हे कोणी विचारत नव्हतं. विचारायचं कशाला? वही उर्वशीची होती.

अंगणाच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली.

रुखमाबाईचा मुलगा विक्की आणि त्याची बायको रीता ऊर्जानगरजवळच्या भाड्याच्या खोलीतून आले होते. लेकरांना शेजारी ठेवून. विक्की अकरा वर्षं पावरहाउसमध्ये ठेकेदाराकडे होता. त्याने हेल्मेटची काच वर केली तेव्हा कपाळावर घामाची रेघ दिसली.

लटारू विहारातून येऊन सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बाजेवर टेकला होता. पांढरा सदरा, हातात काठी, डोळ्यांवर हिरवा चष्मा.

"जय भीम, मोठे बाबा."

"जय भीम. या साहेब! टोपला काढून ठेवा डोक्यावरचा. आपल्या गावात कोळसा नाई पडत अजून."

"पडन आता," विक्की हसत म्हणाला, आणि लगेच हसायचं थांबला.

रीता सासूच्या पाया पडून चुलीपाशी बसली. "माय, खिरीचा वास थोडा वेगळा येऊन राह्यला का वो?"

"लागली जराशी."

"तुमच्या हातची?" रीताला नवल वाटलं.

उर्वशी घरातून आली. तिने बरणी उचलली, कागद काढला आणि भावासमोर सतरंजीवर उलगडून ठेवला. ओरडली नाही. वर्गात मुलाची वही समोर ठेवावी तशी ठेवली.

"दादा, सह्या आमच्या वहीतल्या हायेत. वरच्या चार ओळी कोनाच्या?"

"कायच्या ओळी?"

"ग्रामसभेत हजर असलेल्या महिला, तारीख, ठिकान, वेळ. ह्या."

विक्कीने कागद हातात घेतला नाही. "झेरॉक्स हाये. झेरॉक्समध्ये सगळ्यायचं अक्षर सारखंच दिसते."

"शब्दाखाली दोन रेघा मारायची सवय एकाचीच हाये या घरात. शाळेत मास्तर मारत होते तरी तू मारतच होता."

"अवं, तू का पोलीस हायेस का?"

"नाई. म्हनून तं तुलेच विचारून राह्यली."

लटारूने काठी जमिनीवर आपटली. "सणासुदीचं काय चालवलं हे? पोरगा आत्ता आला. पानी तरी देल्लं का त्याले?"

रुखमाबाई पाणी घेऊन आली. विक्कीने पेला घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा तिला जे कालपासून माहीत होतं ते पुन्हा नव्याने कळलं. बावीस दिवसांपूर्वी तो मुक्कामाला आला होता. उर्वशी विहारात होती. त्याने फळीवरची वही पाहून म्हटलं होतं, माय, तुही सही दाखव ना. तिने दाखवली. मग तो म्हणाला, ही वही मले एक दिवस दे, आमच्या साहेबाले दाखवतो, आमच्या गावच्या बाया कशा सह्या करते ते. अकरा वर्षांत पोराने पहिल्यांदा काहीतरी अभिमानाने मागितलं होतं. तिने वही धुतलेल्या पिशवीत घालून दिली. तिसऱ्या दिवशी वही परत आली आणि तिने ती होती तिथेच ठेवली. मधलं जोडपान पिना उचकटून काढलं आहे, हे तिला दिसलं नव्हतं. पानं मोजायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"हो, मी लिवलं," विक्की एकाएकी म्हणाला. पेला त्याने इतक्या जोरात ठेवला की पाणी कागदावर उडालं. "आता काय करतेस? अकरा वर्स झाले मले. ठेकेदार बदलला का गेटपास बदलते, अन् मी पुन्हा पहिल्या दिवसावर. माह्या मांगून आलेले पक्के झाले. खाणीचा साहेब म्हने, ठराव आनून दे, पहिल्या यादीत तुहं नाव. पक्की नोकरी. क्वार्टर."

"त्यासाठी गाव देल्लं?"

"गाव जानारच हाये, उर्वशी! आज नाई तं पाच वर्सांनं. नकाशावर रेघ मारून ठेवली हाये, म्या पायली. सगळे उठतीन अन् सगळे रस्त्यावर येतीन. त्यात आपल्या घरचं एक मानूस तरी उभं राह्यलं तं कोनाचं काय गेलं?"

"मंग विहारात येऊन हेच सांगायचं होतं बायायले. आयकलं असतं त्यायनं. एखाद वेळेस व्हय बी म्हनल्या असत्या."

"व्हय म्हनल्या असत्या! तू त्यायले नाई म्हनाले शिकोलं ना."

"मी वाचाले शिकोलं."

"असं?" विक्की पुढे सरकला. त्याचा आवाज खाली आला, आणि तो खालचा आवाजच रुखमाबाईला जास्त वाईट वाटला. "मंग वरची जागा कोरी काऊन ठेवली तू? वर वाचल्याशिवाय सही नाई, हे तुहंच ना? वर होतं काय वाचाले? काईच नोतं. पानं पाहून साहेब हासला. म्हने, तुमची बहीनच आपलं काम करून राह्यली."

उर्वशीने हात मांडीवर ठेवले आणि आपल्या बोटांकडे पाहत राहिली. उजव्या मधल्या बोटावर हिरव्या शाईचा जुना डाग होता.

"उर्वशीताई," रीता चुलीपासून म्हणाली, "तुमाले रागवायचा हक हाये. पन यायले चोर नका करू. वही चोरली नाई यायनं. मायनंच देल्ली होती."

बाहेर भोजनदानाची पातेली ओढल्याचा आवाज येत होता.

उर्वशीने आईकडे पाहिलं. "माय?"

"देल्ली," रुखमाबाई म्हणाली. "साहेबाले दाखवतो म्हने. माही सही दाखवतो म्हने."

"अन् काल? काल मी कागद आनला तेव्हा काऊन नाई बोलली?"

याचं उत्तर रुखमाबाईच्या समोर बसलं होतं आणि हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होतं.

लटारू उठून उभा राहिला. "झालं? समजलं सगळ्यायले? आता हे इथंच ठेवा. घरचं घरात. माह्या बापाच्या, कोलूच्या घरचा नातू पोलिसठाण्यात जाईन तं लोक काय म्हनतीन?"

"आज्यानं काय केलं असतं, मोठे बाबा?" उर्वशीने विचारलं.

म्हाताऱ्याने हिरवा चष्मा तिच्याकडे वळवला. "तो काय करे ते म्या पायलं हाये. मले पुन्हा पाहाले लावू नको."

ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे. दीक्षेच्या साली कोलू पायी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गेला आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. रोज संध्याकाळी चिंचेखाली बसून त्याने एकच गोष्ट सांगायला सुरुवात केली, मेलेलं ढोर ओढायचं नाही. सुरुवातीला ऐकायला तिघंजण होते. दिवाळीपर्यंत सारा मोहल्ला. गावाने मग यांची कामं बंद केली, गुरं आखरावर येऊ देईनात. दोन महिने लोक कंदमुळांवर जगले. कोलूचा धाकटा भाऊ गुलाब एका पहाटे गुपचूप गेला आणि पाटलाचा मेलेला बैल ओढून आला. धोतराच्या सोग्यात ज्वारी घेऊन. कोलूने ज्वारी अंगणात फेकली आणि दार लावून घेतलं. गुलाब भामरागडकडे बांबू तोडायला निघून गेला. एकदा त्याचं पोस्टकार्ड आलं. कोलूने ते वाचून घेतलं नाही. त्या दिवसापासून या घरात गुलाबचं नाव घेतलं गेलं नाही. लटारू तेव्हा आठ वर्षांचा होता आणि ज्वारीचे दाणे त्याने वेचले होते.

रुखमाबाईला हे तिच्या सासूने सांगितलं होतं, चिखलात रोवणी करताना, कोणी ऐकणार नाही अशा जागी. ती म्हणाली होती, या घरात बोलणारं मानूस निघते बाई, अन् ते निघालं का दुसरं एक मानूस घरातून जाते.

फाटकापाशी खाकरल्याचा आवाज आला. शेजारची गिरजाबाई खिरीचं पातेलं न्यायला आली होती, आणि बराच वेळ उभी असावी. तिची सही तिसरी होती.

"रुखमाबाई, पंगत बसून राह्यली," ती म्हणाली. मग पदर सावरत, जमिनीकडे पाहत, "आयकलं म्या. खोटं कायले बोलू. तिकडं बायायमध्ये हेच चालू हाये. आपला अंगठाच बरा होता म्हनते. अंगठा घ्याले मानसाले दारात यावं लागे, तोंड दाखवावं लागे."

"गिरजाबाई, अर्ज लिवून राह्यली मी," उर्वशी म्हणाली. "सोमवारी चांद्याला कलेक्टर ऑफिसात देल्ला पायजे. मंगळवारी फाईल पुढं जाते. सगळ्यायच्या सह्या लागन."

"सह्या?" गिरजाबाई हसली, पण त्यात हसू नव्हतं. "पोरी, तुह्या हाताखाली आता कोन सही करन? चौघीजणी म्हने, तिच्याच घरातून पानं गेली. तिच्या मायनं पहिले करू दे, मंग पाहू."

तिने आणि रीताने पातेलं दोन्ही बाजूंनी धरून उचललं. दोघी विहाराकडे गेल्या.

मग विक्की आईजवळ आला. उकिडवा बसला, लहानपणी ताप आला की बसायचा तसा.

"माय. तू सही नको करू. दुसरं काई नको करू, फक्त तेवढं नको करू. तू नाई केली का कोनी करत नाई. अर्ज जाते पन रिकामा जाते. अन् गेला तं माह्यावर केस होते. नोकरीचं सोड, हाये ते बी काम जाते. लेकरायच्या तोंडाकडे पाहा."

"दादा, मी नाव नाई लिवत तुहं," उर्वशी म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता. "पानं गेली एवढंच लिवते. कोनी नेली ते कोन विचारते?"

"विचारतीन ना! पयलं तेच विचारतीन."

रुखमाबाईने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. हेल्मेटमुळे केस ओले होते. राखेत लिहिलेलं नाव तिला आठवलं. अख्ख्या आयुष्यात तिच्या हातची एकच गोष्ट फक्त तिची होती, आणि ती या पोराने पिशवीतून नेऊन दुसऱ्याला दिली होती. तिचीच नाही. सोमारीची, गिरजाबाईची, टोल्यावरच्या त्या म्हातारीची, जिला पेन धरताना धाप लागायची. मोहाचं रान गेलं तर ती म्हातारी उन्हाळ्यात काय वेचणार? तिने सही केली होती ती रुखमाच्या पोरीवर विश्वास ठेवून.

"तुह्या आज्यानं दार लावलं होतं," ती म्हणाली. "म्या नाई लावनार. तू कधी बी ये. तुहं ताट मी पालथं घालनार नाई. पन सही मी करन, विक्की."

तो तिच्या हाताखालून हळूच उठला. हेल्मेट घातलं. "दार उघडं ठेवून मानसाले जेलात धाडायचं, हे बरं हाये," तो म्हणाला.

"भाऊजी, थांबवा ना त्याले, दोन घास खाऊ द्या," रुखमाबाई लटारूकडे वळून म्हणाली. लटारूने मान दुसरीकडे फिरवली. ज्याची बाजू घेऊन तो सकाळपासून बोलत होता, त्याला बस म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. कदाचित त्याला ज्वारी दिसत असावी.

रीता विहारातून धावतच परत आली. तिच्या हातात झाकणाचा डबा होता. "खीर घेतली," ती सासूला म्हणाली.

"करपली हाये व ते."

"मी खाईन माय." ती मोटारसायकलवर बसली, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. गाडी आखराच्या बाजूने गेली. धान पिवळं पडायला लागलं होतं, आणि त्यापलीकडे, फार लांब, पावरहाउसच्या चिमण्यांचा धूर आडवा पसरला होता.

पंगती उठल्या. पत्रावळी उचलल्या गेल्या. उन्हं उतरायला लागली तेव्हा उर्वशी विहाराच्या ओट्यावर चटई टाकून बसली. समोर अर्ज होता. सहा-सात बायका अंगणात चिंचेखाली उभ्या होत्या. ओट्यावर कोणी चढलं नव्हतं. लटारू बुद्धमूर्तीपाशी, आत, पाठ करून बसला होता.

रुखमाबाई आली आणि चटईवर बसली. उर्वशीने पेन पुढे केला. तिचे डोळे सुजले होते.

"इथं कर, माय. शेवटी."

रुखमाबाईने पेन घेतला नाही. "वाच."

"अवं, तुले ठाऊक हाये सगळं."

"वाच ना. वर काय लिवलं हाये ते."

उर्वशी वाचायला लागली. अर्जदार मौजा चिचहेटी येथील रहिवासी महिला. अमुक तारखेला अशी कोणतीही ग्रामसभा झालेली नाही. जोडलेली पानं विहारातील वाचनवर्गाच्या वहीतील आहेत. अज्ञात इसमाने ती काढून नेऊन त्यावर खोटा मजकूर लिहिला.

"थांब. अज्ञात म्हंजे?"

"म्हंजे कोन ते ठाऊक नाई असा मानूस."

"मले ठाऊक हाये."

"माय…"

"मले ठाऊक हाये, तुले ठाऊक हाये, गिरजाबाईले ठाऊक हाये. मंग हे खोटं झालं ना? वर खोटं लिवलं अन् खाली मी खरी सही करू? पुन्हा?"

उर्वशीने ओठ दाताखाली धरला. "माह्याच्यानं लिववत नाई ते नाव."

"लिव. विक्की झाडू लिव. तुह्या बापाचं, झाडूचं, नाव बी येऊ दे त्यात, वर गेला तरी त्याले बी कळू दे. अन् तुहं लिव. वरची जागा तू कोरी ठेवली. अन् माहं लिव, वही म्या देल्ली. तिघायचं लिव."

आत लटारूची काठी फरशीवर घसरली. त्याने ती उचलली नाही.

उर्वशीने 'अज्ञात इसमाने' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं. अक्षर वळणदार नव्हतं. ओळ खाली उतरत गेली. लिहून झाल्यावर तिने सारा अर्ज पहिल्यापासून पुन्हा वाचला, कारण नियम तसा होता, आणि मुलाचं नाव आलं तेव्हा रुखमाबाईने मान हलवली, बरोबर आहे अशी. मग तिने पेन घेतला. रु काढला. थांबली. श्वास घेऊन ख आणि मा काढले. तीन महिने रोज काढलेलं नाव, पण आज हाताला ते नवं लागलं.

"झालं," ती म्हणाली.

चिंचेखालून सोमारी निघाली. अंगण ओलांडून आली, पायरीवर चपला काढल्या आणि ओट्यावर चढली. तिने रुखमाबाईच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"बाई," उर्वशी पेन पुढे करत म्हणाली, "सही…"

सोमारीने दोन्ही हात लुगड्यात गुंडाळून घेतले. "आधी वाच," ती म्हणाली. "वरून वाच. सगळं."

उर्वशीने आईकडे पाहिलं. मागून गिरजाबाई येत होती, तिच्यामागे आणखी दोघी, आणि त्यांपैकी एकही दुसरीच्या ऐकण्यावर सही करणारी नव्हती. येतील तेवढ्या येणार होत्या. प्रत्येकीला वरून वाचून दाखवावं लागणार होतं.

रुखमाबाईने चटईवर सरकून सोमारीला जागा करून दिली, पदर डोक्यावर घेतला आणि मुलाचं नाव पुन्हा ऐकायला बसली.